लेकीला परत आणू का? पहिल्या वर्षाच्या मुलीच्या आईला उत्तर

माजलगाव तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. लेक बारावीला ८८ टक्के मिळवून पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आली, कॉलेजच्याच वसतिगृहात राहते. दोन महिने होत आले. रोज रात्री साडेनऊला फोन करून रडते. मेसचं जेवण जात नाही. खोलीतल्या दोघी हिंदी-इंग्रजीत बोलतात म्हणून ही गप्प बसते. गणिताच्या पहिल्या चाचणीत ३० पैकी ९ गुण पडलेत. वडील म्हणतात परत आणू, जवळच्या कॉलेजात घालू. मामा म्हणतात लक्ष देऊ नका, रुळेल आपोआप. आईनं लिहिलंय, "लेकरू तिकडं झिजायलंय. परत आणावं का तिथंच ठेवावं? का मीच येऊन खोली करून राहू तिच्यासोबत?"

ताई, उत्तर आधी देते. परत आणू नका. बिऱ्हाड घेऊन तुम्हीही येऊ नका. आणि मामा म्हणतात तसं सोडूनही देऊ नका. येत्या शनिवारी तुम्ही एकट्या पुण्याला या, एक रात्र कुणा नातेवाइकाकडे राहा आणि तिला इथंच ठेवून परत जा. त्या दीड दिवसात काय करायचं ते पुढे सांगते. मी २६ वर्षं पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातली ११ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. तुमच्या लेकीसारखी मुलगी मला दर वर्षी भेटली. एखाद्या वर्षी तर एकाच मजल्यावर सहा-सात जणी असायच्या.

तुम्ही लिहिलंय त्यात मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ती रोज रडते ही आहे. वाचून तुम्हाला राग येईल, पण रडते म्हणजे ती सांगतेय. मला भीती वाटायची ती "सगळं मस्त आहे" म्हणणाऱ्या मुलींची.

साधारण १५ वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात विदर्भातून आलेली एक मुलगी होती. शांत, नीटनेटकी, कधी तक्रार नाही. सकाळी सगळ्यांबरोबर सॅक पाठीला लावून बाहेर पडायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर परत यायची. गेटवर भेटली की मी विचारायचे, "काय गं, कसं चाललंय?" ती म्हणायची, "छान मॅडम." घरीही तेच सांगायची. सत्र संपताना हजेरीची यादी लागली. ७५ टक्के हवी तिथं तिची हजेरी ११ टक्के होती. पहिल्या चाचणीत नापास झाल्यावर तिला वर्गात पाऊल टाकायची लाज वाटायला लागली होती. अडीच महिने ती रोज जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात दिवसभर बसून यायची. तिचं ते वर्ष गेलं. पुढे सावरली ती, पण मी तिला रोज पाहत होते आणि थांबवून एकदाही नीट विचारलं नव्हतं, हे मला आजही बोचतं. "कसं चाललंय" या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येतं, हे मी तेव्हा शिकले. त्यानंतर मी "आज प्रॅक्टिकलला काय केलंत?" असं विचारायला लागले. जी वर्गात गेली नसेल तिला याचं उत्तर देता येत नाही.

तर तुमची लेक रडते, ९ गुण पडले तेही तिनं तुम्हाला सांगितलंय. त्या सांगण्याची वाट बंद होऊ द्यायची नाही, एवढं आत्ता सांभाळा. म्हणून फोनवर "एवढा खर्च करतोय आम्ही" हे वाक्य नको. "रडू नकोस" हेही नको. ही दोन वाक्यं ऐकली की मुली रडायचं नाही, सांगायचं थांबवतात.

आता ९ गुणांचं. तिला वाटत असेल की आपलं डोकं कमी पडतंय, बारावीचे ८८ टक्के कसेबसे मिळाले होते. मी असे शेकडो पेपर तपासलेत, म्हणून सांगते काय होतं ते. दोन वर्षं या मुलांनी सीईटीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केलेली असते. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, चारांतला एक पर्याय निवडायचा, चुकलं तर गुण कापत नाहीत. तिथं उत्तर हाताला लागलं की काम झालं. पायऱ्या गाळायची, युक्तीनं पर्याय बाद करायची सवय लागते आणि सीईटीपुरती ती योग्यच असते. इथं विद्यापीठाच्या पेपरात गणित मांडावं लागतं. पार्शल डिफरन्सिएशनचं एक उदाहरण पाऊण पान चालतं. मधल्या दोन ओळी गाळल्या की उत्तर बरोबर असूनही गुण जातात. वेळही पुरत नाही, कारण एवढं लिहायची हाताला सवय राहिलेली नसते.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. गेली दोन वर्षं तिचा दिवस दुसऱ्यांनी आखून दिलेला होता. उठवायला तुम्ही, नऊला क्लास, रविवारी टेस्ट, गुण कमी पडले की सरांचा घरी फोन. इथं कॉलेजात लेक्चर बुडलं तर त्या दिवशी काही होत नाही. आठवड्यातही होत नाही. महिनाभर काहीच होत नाही आणि मग एकदम चाचणीचा कागद हातात पडतो. अभ्यास कधी करायचा हे ठरवायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली आहे. तुम्ही इथं खोली घेऊन राहिलात तर तो दिवस पुन्हा तुम्ही आखून द्याल आणि हीच अडचण पुढच्या वर्षी येईल. मी हे दोन-तीन घरांत पाहिलंय. आई आली, गुण सुधारले, दुसऱ्या वर्षी आई गावाकडे गेली आणि मुलगी पुन्हा तिथंच.

मग करायचं काय? तिनं आधी तो तपासलेला पेपर घेऊन गणिताच्या शिक्षकांकडे जावं आणि "माझे गुण कुठं गेले ते दाखवाल का?" एवढंच विचारावं. सत्तर जणांच्या वर्गातून असं विचारायला चार-पाचच येतात. आलेल्या मुलाचं तोंड आम्ही विसरत नाही. पहिल्यांदा जाताना पाय लटपटतात, म्हणून बरोबर कुणाला तरी न्यावं. मग रोज दोन उदाहरणं, पुस्तक मिटून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहायची. दोनच. दहा ठरवली की तिसऱ्या दिवशी बंद पडतं. पुणे विद्यापीठाच्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत असे ३० गुण सत्राच्या मधल्या मूल्यमापनाचे आणि ७० सत्राअखेरच्या परीक्षेचे असतात, म्हणजे मोठा भाग अजून हातात आहे. आणि एखादा विषय राहिलाच तर त्यानं वर्ष जात नाही, एटीकेटी मिळते, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाता येतं. किती विषयांपर्यंत मिळते ते कॉलेजच्या नियमांत पाहून ठेवा, म्हणजे अंधारात भीती वाटत नाही.

इंग्रजीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण तिच्या गप्प बसण्याचं मूळ बहुधा तिथं आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी सायन्सचं पुस्तक इंग्रजीत असतं, शिकवणं मात्र मराठीत. इथं पहिल्यांदाच सलग तासभर कुणीतरी इंग्रजीत बोलतं. पहिल्या महिन्यात सगळी शक्ती शब्द पकडण्यात जाते आणि विषय निसटतो. यावर मी मुलांना सांगत आलेय की आधी मराठीत समजून घ्या, त्यात कमीपणा नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं मराठीत फुकट उतरवून घेता येतात. रात्री तो धडा मराठीत वाचायचा, सकाळी इंग्रजीत ऐकायचा. लिहायचं मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत, कारण पेपर आणि ओरल त्यातच होणार. ओरलला व्याकरण चुकलं म्हणून मी कधी गुण कापले नाहीत. मुद्दा माहीत असून गप्प राहिलेल्या मुलीला मात्र मला गुण देता येत नसत.

खोलीतल्या दोघी हिच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलतात म्हणजे त्या हिला तुच्छ लेखतात असंच नाही. बऱ्याचदा त्यातल्या एकीला मराठी येत नसतं आणि तीही तितकीच बावरलेली असते. पण समजा नाहीच जमलं, तरी जिवाभावाची मैत्रीण खोलीतच मिळायला हवी असं कुठं आहे? मी पाहिलेल्या बहुतेक मैत्र्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये जुळल्या. वीस-बावीस जणांची बॅच, एका टेबलाशी तिघं-चौघं, एकाच तारेशी झटापट, मग जर्नल पूर्ण करायला एकत्र बसणं. तिथं बोलायला विषय शोधावा लागत नाही. तिला विचारा, तुझ्या टेबलाशी कोण कोण असतं? नावं सांगता आली तर अर्धं काम झालंय असं समजा.

जेवणाकडे मात्र तुम्ही गांभीर्यानं बघा. घरात ज्वारीची भाकरी आणि झणझणीत कालवण खाऊन वाढलेल्या लेकराला इथली मेस जड जाते. आमटीत गूळ, भाजीत बटाटा, सकाळ-संध्याकाळ पोळी. मग मुली बिस्किटं आणि चहावर राहतात, आठच्या लेक्चरसाठी नाश्ता बुडवतात आणि अकराला डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशी पोटी घर जास्त आठवतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की रात्री रडत आलेल्या मुलीला माझा पहिला प्रश्न "दुपारी काय खाल्लंस?" हाच असायचा. येताना काराळ्याची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी आणा, दोन बरण्या जास्तीच्या आणा आणि त्या खोलीतल्या दोघींना द्या. भाकरी टिकत नाही, धपाटे दोन दिवस टिकतात. ते ती डबा उघडून एकटी खाणार नाही, वाटून खाईल, आणि वाटून खाताना बोलणं होतं. पाळी, थकवा, केस गळणं असं काही असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आमच्याकडे 'अभ्यासात मन लागत नाही' म्हणणाऱ्या काही मुलींचं दुखणं रक्तात निघालं होतं.

फोनची वेळ बदला. रात्री साडेनऊला दिवसभराचा शीण असतो, खोलीत दिवा मालवायची वेळ असते, त्या वेळी घरचा आवाज ऐकला की कुणालाही भरून येईल. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ती कॉलेजातून आल्यावर, पंधरा मिनिटं बोला. शेतातलं सांगा, शेजारच्या घरातलं सांगा, गाय व्यायली का ते सांगा. घर तिच्यावाचून थांबलेलं नाही आणि तिला विसरलेलंही नाही, हे तिला कळू द्या. रात्री तिनं स्वतःहून केला तर उचलायचाच, पण तुम्ही करायचा नाही. दर शनिवारी गावी बोलावू नका. येण्या-जाण्यात दोन दिवस जातात आणि सोमवारी तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. आता एकदम दिवाळीला येऊ दे.

या शहराचीही तिला भीती वाटत असणार. दोन महिने वसतिगृह ते कॉलेज एवढंच पुणं पाहिलं असेल. मी नव्या मुलींना एक काम द्यायचे. रविवारी सकाळी बसनं मनपाला, म्हणजे महापालिकेच्या थांब्यावर उतरायचं, पूल ओलांडून शनिवारवाड्यावरून चालत अप्पा बळवंत चौकात जायचं, गणिताचं एक जुनं पुस्तक घासाघीस करून विकत घ्यायचं आणि परत यायचं. कुणाला बरोबर न घेता. पुस्तक निमित्त होतं. परत आलेल्या मुलीची चाल वेगळी असायची. एकीनं मला घाईघाईनं जिना चढून येऊन सांगितलं होतं, "मॅडम, मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि तरी पोचले!"

कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तिनं नाव द्यावं. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं, खेड्यात. तिथं गावाकडून आलेल्या मुलांना सगळं येत असतं आणि शहरातली मुलं त्यांना विचारत असतात. नाटकाची आवड असली तर पुढच्या वर्षी पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींना जाऊन बसावं. रंगमंचामागे हात लागतात, तिथं कुणी टक्केवारी विचारत नाही. ढोल-ताशा पथकाला माझा विरोध नाही, पण सराव रोज संध्याकाळचे दोन-तीन तास घेतो. ज्या मुलीची घडी अजून बसलेली नाही तिनं पहिल्या वर्षी थांबावं.

वडिलांसाठी एक गोष्ट. आत्ता प्रवेश रद्द केला तर ठरलेली मुदत उलटून गेल्यावर फी परत मिळत नाही, अनामत तेवढी मिळते, आणि दुसरीकडे यंदा जागा मिळेलच असं नाही. दुसऱ्या वर्षाला जागा रिकाम्या असतील तर रीतसर कॉलेज बदलता येतं. म्हणजे दार बंद होत नाहीये, वर्षभर थांबता येतं. फीचं ओझं मनावर असेल तर तेही पाहून घ्या: २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं पूर्ण माफ केली आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला आहे की नाही, आणि वसतिगृहाच्या भत्त्याची एखादी योजना तुम्हाला लागू होते का, हे कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात याच फेरीत विचारून जा.

मी "परत आणू नका" म्हटलं, त्याला अपवाद आहेत आणि ते तुम्ही स्वतः, समोर बसून तपासायचे आहेत. पहिला, कुणी छळत तर नाही ना? सिनियर मुलींनी रात्री बोलावणं, कामं सांगणं, भाषेवरून किंवा जातीवरून बोलणं हे सगळं रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत कॉलेजच्या प्रमुखांनी चौकशी करायची असते. कॉलेज दाद देत नसेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनला दिवसा-रात्री कधीही फोन करा. दुसरा, सलग दोन आठवडे झोप नाही, अंघोळ-कपडे याकडे लक्ष नाही, पूर्वी आवडायचं ते काहीच आवडत नाही, असं आहे का? "मी नसते तर बरं झालं असतं" असं कधी बोलली का? बोलली असेल तर ते गुणांसाठी म्हटलं, रागात म्हटलं, असं समजून सोडू नका. तिला सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं होता येतं. तसं असेल तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. अशा वेळी ती घरी आली तरी चालेल. वर्ष गेलं तरी चालेल.

यातलं काही नसेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तरी मला तसं दिसत नाही, तर शनिवारचं असं करा. बीड-नगरमार्गे येणारी एसटी तुम्हाला वाकडेवाडीला उतरवेल, शिवाजीनगरचा स्टँड सध्या तिथं आहे. तिला स्टँडवर घ्यायला बोलवा. तुम्ही तिला शोधत जाऊ नका, तिनं तुम्हाला शहरातून घेऊन जाऊ दे. शनिवारी कॉलेज उघडं असेल तर तिच्या पालक-शिक्षकांना भेटा; इथं त्यांना जीएफएम म्हणतात, वीस-पंचवीस मुलांमागे एक असतात. पण तिला सांगून, तिला सोबत घेऊनच भेटा. तिच्या माघारी भेटलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणार नाही. हॉटेलात नेऊन लाड करू नका. दुपारी तिच्या मेसमध्ये, पाहुण्यांचं कूपन काढून, तिच्या खोलीतल्या दोघींना घेऊन जेवा. चटणीची बरणी मध्ये ठेवा. त्या दोघींची नावं, गावं विचारा, आणि हिंदी मोडकीतोडकी असली तरी बोला. तुम्ही बोलताय हे ती बघेल.

रविवारी निघताना तिला रडू येईल, तुम्हालाही येईल. बस सुटेपर्यंत थांबवू नका तिला. उजेड असतानाच तिला वसतिगृहाकडे जाऊ दे, आणि पोचल्यावर तिनं तुम्हाला फोन करायचा, तुम्ही नाही.